गुरूंच्या पेशी

लॅबमध्ये तिला सगळे ताई म्हणत. पीएच.डी.ला इतकी वर्षं लागली की तिने हाताला धरून शिकवलेली पोरं डॉक्टर होऊन नोकरीला लागली आणि ही अजून बशीतल्या पेशींना खाऊपिऊ घालत बसलेली. पेशी यकृताच्या. तिच्या मार्गदर्शक सरांना त्या त्यांच्या गुरूंनी दिलेल्या, त्यामुळे पेशींबद्दल वेडंवाकडं बोलायची सोय नव्हती.

पण या पेशी यकृतासारख्या वागेनातच. ताईने भीतभीत विचारलं, "सर, त्या नक्की कशाच्या आहेत, एकदा तपासून घ्यायचं का?"

सर भडकले. "माझ्या गुरूंवर संशय घेतेस? गुमान कामाला लाग."

ती लागली. सरांच्या सहीशिवाय प्रबंध तसूभर पुढे सरकत नाही, मग करते काय बिचारी!

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षक बाईंनी पहिलाच प्रश्न टाकला, "या पेशी यकृताच्याच कशावरून? तपासल्यात?"

ताईने सरांकडे पाहिलं. सरांनी खुशाल हात झटकले. "हे तिनं बघायला हवं होतं. मी काय एकेकाच्या मागे फिरत बसू?"

ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. प्रबंधाचं एक पान न वाचता सही ठोकणारा हा माणूस, आणि वर हे तोंड!

"मी विचारलं होतं," ती म्हणाली. आवाज चढला तर चढू दे. "तुम्हीच नको म्हणालात. गुरूंचा अपमान होतो म्हणून!"

बाईंनी निकाल राखून ठेवला आणि पेशी तपासायला पाठवल्या.

अहवाल आल्यावर सरांनी ताईला केबिनमध्ये बोलावून दार लावून घेतलं. पेशी मूत्राशयाच्या निघाल्या होत्या. तिची सगळी वर्षं पाण्यात गेली.

"नव्या पेशी मागवतो," सर गोड आवाजात म्हणाले. "पुन्हा प्रयोग कर, मी सही करतो. फक्त बाहेर बोलू नकोस."

"आणि लॅबमधली बाकीची पोरं? तीही याच पेशींवर काम करताहेत."

"त्यांचे प्रबंध होत आलेत. कशाला उगाच?"

म्हणजे या पोरांचंही आपल्यासारखंच वाटोळं करायचं! सही गेली खड्ड्यात. ताईने दार सताड उघडलं आणि सरांच्या देखतच ओरडली, "पोरांनो, हातातलं काम थांबवा. या पेशी यकृताच्या नाहीत."