विहीणबाईंचा पॉवर सप्लाय

विहिणींमध्ये चढाओढ लागते ती साधारणपणे साड्यांवरून, नाहीतर पुरणपोळ्यांवरून. आमच्यात ती एका पॉवर सप्लायवरून लागली, आणि लागली आहे हे बरेच दिवस फक्त मलाच माहीत होतं.

मी आयुष्यभर एका सरकारी संस्थेच्या वर्कशॉपमध्ये बिघडलेली उपकरणं दुरुस्त केली. आम्ही सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो तेव्हा घरी टेबलावर मी स्वतः बनवलेला एक पॉवर सप्लाय असायचा. भिंतीतली वीज घ्यायची आणि आपल्याला हवे तेवढेच व्होल्ट बाहेर द्यायचे, एवढंच त्याचं काम. पत्र्याचा करडा डबा, वर काटा असलेला मीटर आणि एक नॉब. त्या नॉबच्या दोन टोकांच्या तारा जोडताना माझ्याकडून उलटसुलट झाल्या होत्या, त्यामुळे तो डावीकडे फिरवला की व्होल्ट वाढायचे. नंतर बदलू म्हणत राहिले आणि राहूनच गेलं. माझी मुलगी इलेक्ट्रॉनिक्स शिकली ती त्याच डब्यावर. कॉलेजच्या प्रयोगशाळेतही ती आधी डावीकडेच फिरवायची आणि घरी येऊन माझ्या नावाने शंख करायची. मला ते फार आवडायचं.

लग्न होऊन ती नोएडाला गेली. तो डबा इथेच राजधानीतल्या द्वारकेत राहिला, एवढं वजन कोण नेणार! पुढे तिने नोकरी सोडली आणि घरातल्या हवेतली धूळ मोजणारं एक छोटं यंत्र बनवायला घेतलं. मी वाट बघत होते की आता ती म्हणेल, आई, आपला सप्लाय घेऊन ये.

ती म्हणाली, "आई, तुला सांगू? आईंनी मला सप्लाय बनवून दिला. मायक्रोकंट्रोलरवाला! स्क्रीन आहे, करंटची मर्यादा ठरवता येते, सगळं. यार, कमाल आहे त्यांची!"

या आई म्हणजे तिच्या सासूबाई. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात त्यांनी जन्मभर फायलींवर शेरे मारले. तारांना डाग द्यायचं सोल्डरिंग आयर्न त्यांनी हातात धरलं ते रिटायर झाल्यावर, आणि तेही व्हिडिओ बघून. बाई स्वभावाने चांगल्या, नावं ठेवायला जागा नाही. फक्त बोलण्यात सारखं 'आमच्याकडे' असायचं. आमच्याकडे आमटीत गूळ घालत नाहीत. आमच्याकडे चहा पातेल्यातच पुन्हा गरम करत नाहीत. मुलीची आई म्हणून मी ते हसून ऐकून घ्यायचे. पण आता आमच्याकडे सप्लायसुद्धा असतो म्हटल्यावर माझ्या अंगाचा तिळपापड झाला. गूळ घाला नाहीतर घालू नका, पण माझ्या लेकीचं टेबल माझं होतं.

फोन ठेवला आणि मी ठरवलं की तिचं काम माझ्याच सप्लायवर चालणार.

मायक्रोकंट्रोलरशी माझी ओळख नव्हती. आमच्या वेळी चिपला प्रोग्रॅम शिकवावा लागत नसे. मी लाल किल्ल्यासमोरच्या मार्केटमधून सामान आणलं आणि विहीणबाई बघतात तसलेच व्हिडिओ दार लावून बघायला लागले. ह्यांना वाटलं मी भजनं ऐकते आहे. पहिला प्रोग्रॅम चालेना, दुसऱ्यात स्क्रीनवर चौकोन दिसायचे. प्रत्येक वेळी डोळ्यांपुढे विहीणबाई यायच्या, चष्मा नाकावर घेऊन सहज बोटं चालवणाऱ्या, आणि मी पुन्हा बसायचे. खरं सांगायचं तर जिद्द वगैरे काही नव्हती, निव्वळ हेवा होता. पण त्या हेव्यापायी मी वर्कशॉपमध्ये केलं नव्हतं इतकं नेटकं काम केलं. चिप सांगणार किती व्होल्ट हवेत, आणि एक जाडजूड ट्रान्झिस्टर तेवढेच बाहेर सोडणार. नॉब कुठे फिरवल्यावर काय व्हावं, हे आता प्रोग्रॅमच्या एका ओळीत ठरतं. ती ओळ मी माझ्या सवयीने लिहिली.

वर्कशॉपची शिस्त माझ्या हाडात मुरलेली. आधी सप्लाय चालू करायचा, व्होल्ट बघायचे, आणि मगच त्याला वस्तू जोडायची. तशीच मी चाचणी घेतली, तीही आमच्या इन्व्हर्टरच्या लाइनवर, जिथे लाइट कधी जातच नाही. सगळं चोख.

एका रविवारी मी तो पिशवीत घालून ब्लू लाइनने निघाले. मेट्रोच्या तपासणीत जवानाने विचारलं, "आंटी, ये क्या है?" मी म्हटलं, "बेटी के लिए बनाया है." त्याने एकदा डब्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि सोडून दिलं.

नोएडात मी डबा टेबलावर ठेवला. शेजारी विहीणबाईंचा होता. त्यांचा काळा, सुबक. मी मुद्दाम झाकण उघडून आतलं काम दाखवलं. विहीणबाई चष्मा सावरून वाकल्या, ट्रान्झिस्टरजवळ क्षणभर थांबल्या, काहीतरी बोलणार असं वाटलं, मग म्हणाल्या, "सोल्डरिंग काय सुंदर आहे हो तुमचं! बिल्कुल कंपनीसारखं." मी सुखावले. म्हटलं, आता कसं!

मुलीने पाच व्होल्ट लावून आपल्या धुळीच्या यंत्राचा बोर्ड माझ्या सप्लायला जोडला. स्क्रीनवर आकडे स्थिर. आणि तेवढ्यात लाइट गेली.

सोसायटीत राहणाऱ्याला याचं काही वाटत नाही. पंखा मंदावतो, खाली जनरेटर घुरघुरतो, पंखा पुन्हा वेग घेतो. पण लाइट आली तशी बोर्डवरून धुराची एक बारीक रेघ निघाली आणि जळका वास सुटला. माझी चिप गाढ झोपेतून उठत होती, आणि ती उठेपर्यंत ट्रान्झिस्टरला आवरायला कोणीच नव्हतं. त्याने होते नव्हते तेवढे व्होल्ट सोडून दिले. माझ्या घरी हे दर वेळी सप्लाय चालू करताना होत असणार, पण तेव्हा त्याला काही जोडलेलंच नसायचं.

आता लेक माझ्यावर उखडणार, मला वाटलं. उखडायलाच हवं होतं.

"असू दे आई," ती मऊ आवाजात म्हणाली. "होतं असं. माझ्याकडे दुसरा बोर्ड आहे. तू बस हं, मी पाणी आणते."

आणि मग सासूकडे वळून कडाडली, "आई, तुमच्या सप्लायने पहिल्यांदा हेच केलं होतं ना? तुम्हाला आत बघितल्यावर दिसलं असणार! मग तोंड उघडायला काय झालं होतं?"

"अगं, दिसलं ना! चिप जागी होईपर्यंत ट्रान्झिस्टर बंद ठेवणारा रेझिस्टर नाहीये तिथे," विहीणबाईही चढ्या आवाजात म्हणाल्या. "पण मी कशी बोलणार? विहीणबाई एवढ्या हौसेने घेऊन आल्यात, आणि मी त्यांच्या कामात खोड काढू? बरं दिसतं का ते?"

"बोर्ड जळला ते बरं दिसलं?"

"मग आधी माझ्या सप्लायवर लावायचा होतास!"

दोघी हातवारे करून भांडत होत्या, आणि मी सोफ्यावर बसून ट्रेमधून आलेलं पाणी पीत होते. पाहुण्यांच्या ग्लासातून. बोर्ड जळल्याचं वाईट वाटलं, पण खरं लागलं ते ते भांडण. सप्लायचा हेवा मी केला होता तो काहीच नव्हे. ती ज्या हक्काने त्यांच्यावर ओरडली, तसं माझ्यावर ओरडून तिला किती वर्षं झाली होती! माझ्या वाट्याला आता 'असू दे' आलं होतं.

निघायच्या आधी मुलगी म्हणाली, "ठेव इथेच, आई घालतील रेझिस्टर." मी म्हटलं, मुळीच नाही. विहीणबाईंचं सोल्डरिंग आयर्न मागून घेतलं आणि त्यांच्याच डबीतला रेझिस्टर मी स्वतः लावला. मुलीने मेन स्विच बंदचालू करून बघितला. आता ठीक होतं. "छान," ती म्हणाली. पाहुण्यांनी आणलेल्या मिठाईला म्हणतात तसं.

नंतर बरेच दिवस तिने सप्लायचा विषय काढला नाही. मीही विचारलं नाही. माळ्यावर गेला असेल, मी धरून चालले होते. जुन्या करड्या डब्यावर मी फडकं टाकलं.

मग एका सकाळी कुकरच्या शिट्ट्या चालू असताना फोन आला. हॅलोसुद्धा नाही.

"आई! तू नॉब पुन्हा उलटा केलायस! तेव्हाही उलटा, आताही उलटा! सगळी दुनिया उजवीकडे फिरवते, तुला एकटीलाच का गं डावीकडे लागतं? आईंनी आज पहिल्यांदा तुझा सप्लाय हातात घेतला, उजवीकडे फिरवला, व्होल्ट खाली. त्यांना वाटलं बिघडला. बिचाऱ्या अर्धा तास खोलून बसल्या होत्या!"

"आणि तुला इतके दिवस कळलं नाही?"

"मला कसं कळणार? मी रोज त्याच्यावरच काम करते, माझा हात आपोआप डावीकडेच जातो! तूच लावलीस ना ही सवय? आता मला सांग, आईंना मी काय सांगू?"

ती ओरडत होती. अगदी पूर्वीसारखी, घसा ताणून. मी गॅस बंद केला, म्हणजे नीट ऐकू यावं.

"विहीणबाईंना सांग," मी म्हटलं, "आमच्याकडे नॉब असाच फिरतो."