न दिसणारा जाळ

आमच्या कुरुंद्यात समुद्र पाहिलेली माणसे थोडी. समुद्रावर वर्षानुवर्षे राहूनही तो फारसा न पाहिलेला शिवहार एकटाच. मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत तो ऑइलर आहे. यंत्रांना तेलपाणी करायचे, गळती पुसायची. जहाजाचे जुने इंधन डांबरासारखे घट्ट, तापवल्याशिवाय पाइपातून सरकत नाही. त्याचा वास सुट्टीभर कपड्यांतून जात नाही, म्हणून त्याची बायको सत्यशीला ते वेगळे धुते. काजळीने लागलेला खोकला मात्र सुट्टीतही जात नाही.

गेल्या वर्षी कंपनीने मिथेनॉलवर चालणारे नवे जहाज घेतले. त्यावर काजळी जवळजवळ नाहीच. शिवहारला तिथे घ्यायचे ठरलेही. फक्त मुंबईजवळ एक प्रशिक्षण पुरे करायचे होते. सत्यशीलाने ही बातमी गल्लीत इतक्या वेळा सांगितली की शेवटी बायकाच तिला सांगू लागल्या.

प्रशिक्षणाच्या अखेरीस भर उन्हात, लोखंडी परातीत पेटवलेले मिथेनॉल विझवायचे होते. त्याचा जाळ उन्हात दिसत नाही, धूरही नसतो. म्हणून उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्यातून आधी पाहायचे, मगच विझला म्हणायचे. आदल्या दिवशीच्या पेपरात शिवहारने हे बरोबर लिहिले होते.

पण त्याचे वडील नामाजी लोकांच्या हळदी शिजवून देत. कढईखाली कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा जाळ. धुरावर नजर ठेवणे हे लहानग्या शिवहारचे काम. धूर सरला की तो ‘निवलं’ म्हणून ओरडे, मग गडी हळद उपसायला पुढे होत. प्रशिक्षणाच्या मैदानावरही त्याने परातीवर फेस मारला, धूर कुठे दिसेना, आणि त्याने हात वर करून मोठ्याने म्हटले, ‘निवलं!’ जोडीदार पुढे सरकला आणि त्याचा हातमोजा करपला. इजा झाली नाही. शिवहार मात्र नापास झाला.

गावी आल्यावर तो माझ्या ओसरीवर बसला. बराच वेळ एसटीला, उन्हाला, शिकवणाऱ्या साहेबाला नावे ठेवत होता. मग म्हणाला, “लिहिताना बराबर लिहिलं, गुर्जी. उभा राहिलो तवा बापाचंच तोंडात आलं.”

पुन्हा बस की प्रशिक्षणाला, मी म्हणालो. तो चिडलाच. पुढच्या तुकडीपर्यंत जहाज निघून जाणार होते, जागा भरली होती.

“इतकी वर्सं त्या काळ्या तेलात काढली. आता चांगलं जहाज आलं तं म्हणतेत, तुमी न्हाई. काहून?”

चूक त्याची होती, हे त्यालाही ठाऊक होते. म्हणूनच तो अधिक चिडत होता.

पंधरवड्यात जहाजांवर माणसे लावणाऱ्या एजंटाचा फोन आला. भंगारात निघायच्या आधी आणखी काही फेऱ्या करणारे एक जुने जहाज होते, तेच काळे इंधन जाळणारे. शिवहारने बायकोला न विचारता हो म्हटले. त्यावर दोन दिवस घरात भांड्यांचाच आवाज होता.

वसमतच्या स्टँडवर मी त्याला सोडायला गेलो. सत्यशीला लेकराला कडेवर घेऊन आली होती. गाडी लागली तशी ती पुढे आली. मग म्हणाली, “फोन कराच्या आधी खोकून घेत जा. लेकराला वाटते, लाइनच खराब हाय.”

शिवहारने बॅग उचलली आणि मागे न पाहता गाडीत चढला.