बोंबलांच्या काठीवरची नावं

माणसं भीतीपोटी देवाकडे वळतात, असं मी बायकोला आयुष्यभर ऐकवलं. ते चुकीचं होतं, हे आता लिहून ठेवतो.

तिचं ऑपरेशन ठरलं त्या दिवशी मी पालीच्या कोळीवाड्यातल्या समुद्रकिनाऱ्यावर जाऊन बसलो. गळ्यात क्रूस असलेली एक कोळीण काठीवर बोंबील वाळत घालत होती. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायची, जोडी टांगायची आणि दर जोडीला होडीवर गेलेल्या एकेकाचं नाव घ्यायची.

"अशाने होडी लवकर येते का?" मी विचारलं.

"होडी काय माझी नोकर हाय?" ती हसली. "पन मानूस दर्यात असला की त्याचं नाव कुठंतरी ठेवावं लागतं. तुमचं कोन हाय?"

मी बायकोचं नाव सांगितलं. तिने एक जोडी माझ्या हातात दिली. "टांगा, बाबा."

संध्याकाळी बायको दिवा लावून पुटपुटत होती. मी पहिल्यांदाच शेजारी बसून ऐकलं. मुलांची, शेजाऱ्यांची नावं होती. स्वतःच्या ऑपरेशनचा शब्दही नव्हता. सगळ्यांत आधी होतं, "यांना सांभाळ."

मी हात जोडले आणि तिचं नाव घेतलं.