डान्स स्टुडिओत घुसलेली खाकी

हसायचं असंल तर आधीच हसून घ्या. मधी हसलात तर मी उठून जाईन, सांगून ठेवतो. अन् चूक माझ्या एकट्याची नव्हती, अर्धी तरी त्या लातूरची होती.

मी एसटीत कंडक्टर, निलंगा-लातूर गाडीवर. पोरगी प्रियंका लातुरात हॉस्टेलवर राहून मेडिकलची तयारी करते. दुपारी गाडी स्टँडला लागली की मी तिचा डबा पोचवतो. तिची आई भाकरी करणार, मी वाहणार, पोरगी डॉक्टर होणार, असं आमच्या घरात ठरलेलं हाय.

आता तिच्या क्लासच्याच रस्त्यावर एक डान्स स्टुडिओ. तिथं टीव्हीवाले येऊन बसले. पोरी नाचणार, कॅमेरे दिवसभर चालू, अन् दर आठवड्याला एकीला घरी पाठवणार. म्हणे रिअ‍ॅलिटी. अरे, रिअ‍ॅलिटी बघायची तर उन्हाळ्यात आमच्या गाडीत औशापर्यंत उभं राहून या ना. लेकरं अभ्यासाला येतात तिथंच हा तमाशा मांडायचा का? तिथून जाताना माझं डोकं रोज तापायचं.

त्या दिवशी डबा घेऊन चाललो, तर पुढं प्रियंका. निळा स्कार्फ तोच, पाठीला क्लासची बॅग, चाल पण तीच. अन् ही बया भरदुपारी, फिजिक्सच्या टायमाला, सरळ स्टुडिओत शिरली.

तुम्ही म्हणाल, चेहरा बघितला का? अहो, लातुरात दुपारी पोरीचा चेहरा दिसतोय कुठं? डोळे सोडले तर सगळं स्कार्फात गुंडाळलेलं. बॅगा तर क्लासवालेच वाटतात, सगळ्यांना एकच. पण मला वाटलं, बापाला का चेहरा लागतो? आयुष्य गेलं लोकांचे पास तपासण्यात, माणूस ओळखायला मी चुकेन का?

दारावरच्या माणसाला खाकी बघून वाटलं, बंदोबस्ताचे साहेब आले. त्यानंच दार उघडून दिलं. आत लाइटांचा नुसता लखलखाट, अन् आमची स्कार्फवाली स्टेजवर मधोमध उभी. गेलं मेडिकल, म्हटलं.

म्युझिक सुरू व्हायच्या आधी मी सुरू झालो. "प्रियंका, उतर खाली! तुझी आई पहाटे उठून भाकरी थापायली, अन् तू हितं कंबर हलवायली?"

एसटीत कमावलेला आवाज, त्याला माईक कशाला लागतोय. हॉस्टेल, मेडिकल, तिच्यासाठी बंद केलेला घरचा टीव्ही, सगळं काढलं. कुणी थांबवंना. मला वाटलं, लोकांना पटायलंय. मग जास्तच चेव आला.

"तुझ्या फिजिक्सच्या सरांना कळलं तर काय म्हणतील ते?"

पहिल्या रांगेतून एक माणूस उठला. फिजिक्सचे सर.

"मी काही म्हणत नाही," ते शांतपणे बोलले. "माझीच मुलगी आहे ती."

पोरीनं स्कार्फ सोडला. खरंच त्यांची होती. क्लासच्या पोरीवर नाच बसवला होता, म्हणून घरूनच तसा वेश करून आलेली. तिचा नाच बघायला सरांनी वर्गाला सुट्टी दिलेली. अन् आमची प्रियंका? हॉस्टेलवर गणितं सोडवत, डब्याची वाट बघायली होती.

आता सभ्य माणसांनी हे टीव्हीवर दाखवावं का? न्हाई ना? त्यांनी दाखवलं, वरून रडकं म्युझिक लावून. लोकांना त्या पोरीची दया आली, मतं पडली, अन् ती पुढच्या फेरीत गेली. सरांनी भर वर्गात प्रियंकाला उभं करून माझे आभार मानले. तेव्हापासून ती वर्गात शिरली की मागच्या बाकावरून "उतर खाली" सुरू. पोरगी क्लासलाच जाईना. जो अभ्यास बुडू नये म्हणून मी घसा फोडला, तो मीच बुडवला.

समजूत काढायला गेलो, तर हॉस्टेलच्या वॉचमननं काठी आडवी धरली. पोरीचा निरोप होता: डबा ठेवून जा, परीक्षा होईस्तोवर आत यायचं न्हाई, काही बोलायचं असलं तर आईला पाठवा.

लातुरात हॉस्टेलच्या दारावरून टवाळ पोरांना हाकलतात, हे मी ऐकून होतो. बापाला हाकललेलं तुम्ही तरी कधी ऐकलंय का?