भिंतीपलीकडचा श्वास

"जरा हलू नका."

कुठल्याही खोलीत शिरताना त्यांचं पहिलं वाक्य हेच असायचं. दारातच थांबायचे, ट्रॅफिक हवालदारासारखा हात वर करायचे आणि आतल्या सगळ्यांना होते तिथे उभं करून ठेवायचे. मरोळच्या आमच्या लहानशा ऑफिसात ते पहिल्यांदा आले तेव्हा चहावाला माझ्या टेबलावर ग्लास ठेवत होता. तो अर्धवट वाकलेला, माझा हात पुढे, आणि हे गृहस्थ पिशवीतून काढलेल्या डबीकडे टक लावून बघतायत. "झालं. सगळे सापडले," म्हणाले आणि मग खुर्चीत बसून रीतसर नमस्कार केला.

मी पेटंट एजंट आहे. कोणी काही नवं शोधून काढलं की त्याचा अर्ज लिहायचा आणि सरकारदरबारी मांडायचा, हे माझं काम. त्यासाठी परीक्षा द्यावी लागते. पास झालं की सरकारी नोंदीत नाव चढतं. ती नोंद कोणालाही बघता येते. ह्यांनी ती बघितली होती.

"तुमच्या नावापुढे 'चालू' असं लिहिलंय," ते म्हणाले. "म्हटलं, जाऊन बघावं, बाई कितपत चालू आहेत."

माझा सहकारी खोकल्याचं निमित्त करून बाहेर गेला. ह्यांच्या चेहऱ्यावरची सुरकुतीही हलली नाही. पहिल्या भेटीत मी त्यांची 'मॅडम' होते. दुसऱ्या मसुद्यापर्यंत 'अगं' झाले. मी त्यांना शेवटपर्यंत 'सर' म्हणत राहिले.

चारकोपच्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये त्यांचा एक गाळा होता. आयुष्यभर लोकांची वायरलेस यंत्रं दुरुस्त केली, आणि साठी जवळ आल्यावर स्वतःचं काहीतरी करायला घेतलं. वायफायच्या लहरी खोलीभर पसरतात, भिंतींवर आपटून परत येतात. वाटेत माणूस असला की त्यांत फरक पडतो. माणूस निजलेला असला तरी पडतो, कारण छाती खालीवर होत असते. त्या डबीने त्या फरकातून पलीकडच्या खोलीतल्या माणसाचा श्वास ओळखायचा आणि पडद्यावर रेघ म्हणून दाखवायचा. कॅमेरा नाही, अंगाला वायर नाही. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी.

"हे कसं सुचलं?" मी विचारलं होतं. अर्जात लागत नाही, पण मी सगळ्यांना विचारते.

"आई गेली ना," ते म्हणाले. "दुपारची आत निजली होती. मी बाहेरच्या खोलीत टेबलावर काम करत होतो. मध्ये अर्ध्या विटेची भिंत. चहा घेऊन आत गेलो तर गार." मग म्हणाले, "मी शीळ घालत होतो गं. ती पलीकडे जात होती आणि मी शीळ घालत होतो."

आकृत्या काढण्यासाठी मी एकदा दुपारी त्यांच्या जोगेश्वरीच्या घरी गेले. वडील गिरणीत होते तेव्हाच्या पैशांतून घेतलेलं, दोन खोल्यांचं घर. लग्न केलं नव्हतं, त्यामुळे आता एकटेच. त्यांनी मला आतल्या खोलीत बसवलं, रेघ दाखवली. श्वास रोखायला सांगितला, रेघ सपाट झाली. झकास चाललं होतं. मग मी बाहेर येऊन त्यांच्या शेजारी बसले आणि वहीत मोजमापं लिहू लागले.

पडद्यावरची रेघ पुन्हा हलायला लागली.

आधी बारीक, मग जरा मोठी. काही श्वास, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा काही श्वास. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांना नवल वाटलेलं दिसलं नाही. ते उठले आणि आतल्या दारापाशी जाऊन उभे राहिले. उंबरा ओलांडला नाही. पलंगावर चादर नीट घडी करून ठेवलेली. पंखा बंद, खिडकी बंद.

"सर, आत कोणी आहे का?"

"तू आत्ताच बाहेर आलीस की."

त्यांचं सगळं तपासून झालं होतं. वरच्यांचा पंखा, पाण्याचा पंप, शेजारचा फ्रिज. सोसायटीला विनंती करून तासभर लाईट घालवली होती आणि यंत्र बॅटरीवर लावलं होतं. चारकोपच्या गाळ्यात ही रेघ कधी आली नाही. इथे यायची, रोज नाही, पण यायची.

तुम्ही माझ्या जागी असतात तर काय विचारलं असतं, तेच माझ्या ओठांवर आलं. त्यांना ते कळलं असावं. "कोणाचा ते विचारू नकोस," ते म्हणाले. "मला ठाऊक नाही. अर्जात लिही, की रिकाम्या खोलीतही कधीकधी श्वासासारखी हालचाल नोंदली जाते आणि तिचं कारण समजलेलं नाही."

"सर, असं कोणी लिहीत नाही. आपलंच पेटंट आपण कच्चं कशाला करायचं?"

"पण ते खरं आहे ना?"

आमचं त्यावरून आठवडाभर वाजलं. शेवटी ते वाक्य अर्जात गेलंच. पेटंटही मिळालं. त्या दिवशी ते पेढे घेऊन आले आणि पहिल्यांदाच कोणाला थांबवून न ठेवता सरळ आत शिरले.

मुलुंडच्या एका वृद्धाश्रमाने यंत्र लावून बघायची तयारी दाखवली. तिथल्या व्यवस्थापक बाई हुशार होत्या. ह्यांनी त्यांना वारंवार बजावलं, "रेघ दिसली तरी माणूस जाऊन बघायचा." त्या हो म्हणायच्या. पण रोज बरोबर येणाऱ्या गोष्टीवर माणूस विसंबतोच. काही महिने छान गेले. एका आजींचा श्वास अडकला तेव्हा यंत्राने वेळेवर हाक दिली आणि त्या वाचल्या. त्या दिवशी फोनवर सरांचा आवाज लहान मुलासारखा झाला होता.

मग एका दुपारी त्यांचा मला फोन आला. "येतेस का मुलुंडला? मला एकट्याला जमणार नाही."

कोपऱ्यातल्या खोलीतले एक आजोबा जेवून निजले होते. बाहेरच्या पडद्यावर त्यांची रेघ संथ चालली होती, म्हणून कोणी आत गेलं नाही. चहाच्या वेळी मावशी उठवायला गेल्या तर अंग ताठ झालेलं. डॉक्टर म्हणाले, जाऊन बराच वेळ झालाय. आम्ही पोचलो तेव्हा त्यांना उचलून नेलं होतं. पलंग रिकामा होता. बाहेर पडद्यावर रेघ चालूच होती.

व्यवस्थापक बाई पडद्याकडे पाठ करून उभ्या होत्या. "बंद करा हो," एवढंच म्हणाल्या.

आजोबांची मुलगी आली. रडून झालं होतं तिचं. तिने ह्यांना शांतपणे विचारलं, "मशीन सांगत होतं बाबांचा श्वास चालू आहे. मग बाबा गेले कधी?"

सर तिच्यापुढे हात जोडून उभे राहिले. मग त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर काढला आणि प्रत्येक खोलीतली डबी स्वतःच्या हाताने उतरवली. मी पिशवी धरून मागे चालत होते. कोपऱ्यातल्या खोलीची डबी काढायला मात्र त्यांनी मला पाठवलं.

पेटंट जिवंत ठेवायला ठरावीक काळाने फी भरावी लागते. पुढची वेळ आली तेव्हा मी आठवण केली. एक कंपनी ते वापरायला मागत होती, तेही सांगितलं.

"मरू दे त्याला," ते म्हणाले. "तुमच्या नोंदीत तरी मेलेलं मेलेलं दिसतं ना?"

दिसतं. आज कोणीही शोधलं तर त्यांचं नाव, जोगेश्वरीचा पत्ता, ते वाक्य, आणि खाली पेटंट संपुष्टात आल्याची नोंद, सगळं समोर येतं. वर्षातून एखादा परदेशी इंजिनिअर मला लिहितो, की त्या वाक्याचा अर्थ काय. मी उत्तर देते, की अर्जदारांना जेवढं माहीत होतं तेवढं त्यांनी लिहिलंय.

त्यानंतरही ते ऑफिसात यायचे. चहा प्यायचे, माझ्या संगणकाच्या वायरी नीट बांधून द्यायचे. घरी यंत्र ठेवलंय का, हे मी कधी विचारलं नाही. हळूहळू येणं कमी झालं. धाप लागायची. घाटकोपरची धाकटी बहीण येऊन त्यांच्याकडे राहिली. ते गेल्याचं तिनेच कळवलं.

मी भेटायला गेले तेव्हा ताई आतल्या खोलीत पलंगाच्या कडेवर बसल्या होत्या. मला शेजारी बसवून घेतलं.

"सकाळीच गावच्या बोलीत म्हणाला, 'बाय, तू हयसर बस. आज भायर जाव नको,'" त्या सांगू लागल्या. "मी म्हटलं, जेवण कोण करणार? तर म्हणाला, 'ऱ्हवांदे.' मग मी बसले. छातीवर हात ठेवला त्याच्या. श्वास लागत होता हाताला. मी आपली बसून राहिले. दुपार झाली. मग शेजारच्या वहिनी आल्या. त्यांनी त्याच्या पायाला हात लावला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, 'अहो ताई, हे केव्हाचे गेलेत.'"

मी त्यांच्याजवळ सरकले.

"पण मला लागत होता हो," त्या म्हणाल्या. "मी झोपले नव्हते. माझं लक्ष दुसरीकडे नव्हतं."

त्यांनी उजवा हात उलटा करून आपल्या तळव्याकडे बघितलं आणि तो माझ्या हातात दिला.

"बघा ना, तुम्हाला काही लागतंय का."

तळवा उबदार होता, थोडा खरखरीत. मी तो दोन्ही हातांत धरला आणि हलले नाही.