सातूचं गरम पाणी

दादाचा पुढचा दात मी पाडला, पाइप पान्याने. रविवारची दुपार होती, आणि आम्ही दोघेही शुद्धीत होतो.

बदलापूरची आमची जमीन बिल्डरला गेली तेव्हा शिरगावात दोन फ्लॅट मिळाले. तळमजल्यावर दादा-वहिनी, तिसऱ्या मजल्यावर मी. अंबरनाथ एमआयडीसीत एका रंगाच्या कारखान्यात मी केमिस्ट. लग्न झालेलं नाही, त्यामुळे जेवायला खालीच. दादा पूर्वी प्यायचा. पिऊन आला की वहिनीचे केस धरून तिचं डोकं ओट्यावर आपटायचा. मी मध्ये पडलो म्हणून एकदा त्याने माझा हात पिरगाळला. मनगटाचं हाड मोडलं. दुसऱ्या एका वेळी मी आणि वहिनीने मिळून त्याला नायलॉनच्या दोरीने पलंगाला बांधलं होतं, उतरेपर्यंत. मग एक दिवस त्याने दारू सोडली. कशी, ते कुणाला सांगितलं नाही.

त्याला दारू सोडून पावणेदोन वर्षं झाली, आणि मी वर बिअर करायला घेतली.

मोबाइलवर व्हिडिओ बघून हात शिवशिवत होते. परवाना लागतो हे ठाऊक होतं; दार लावून करू म्हटलं. बिअरसाठी मोड आणून वाळवलेला सातू भरडून गरम पाण्यात तासभर मुरवतात. पाणी सहासष्ट डिग्रीच्या आसपास राहिलं, तर दाण्यातल्या पिठाची साखर होते. गॅसवर ते सांभाळता येत नाही, म्हणून बर्फ ठेवायचा आइसबॉक्स उलट्या कामाला, ऊब धरून ठेवायला, लावायचा.

उल्हासनगरच्या बाजारातून पन्नास लिटरचा निळा आइसबॉक्स आणला. हार्डवेअरवाल्या सिंधी म्हाताऱ्याकडे स्टीलचा बॉल व्हॉल्व्ह आणि जाड वॉशर मागितले.

"पानी की टंकी है?" त्याने विचारलं.

"हो, टंकीच."

"टंकी को इतना मोटा वॉशर नहीं लगता, साईं," तो म्हणाला, पण दिले.

पेटीच्या तळाशी पाणी काढायचं भोक होतं, ते ड्रिलने मोठं केलं. आत चोथा अडावा म्हणून गीझरच्या नळीवरची स्टीलची जाळी बसवायची होती. आतली रबरी नळी ओढून काढताना जाळीच्या तारा दोन बोटांत घुसल्या. रक्त पेटीत टपकलं, ते धुतलं आणि पान्याने व्हॉल्व्ह आवळला. थेंबभरही गळत नव्हता. इतकं नीट काम मी कंपनीतही कधी केलं नसेल.

रविवारी दुपारी बाराच्या सुमारास पेटी बुटक्या स्टुलावर ठेवली, गरम पाणी ओतलं, भरडलेला सातू ढवळला. गोड, भाजक्या धान्यासारखा वास सगळ्या जिन्यात गेला. जेवायला हाक मारायला वहिनी वर आली. तिने वास घेतला, पेटीकडे बघितलं.

"भावजी, हे काय आहे?"

मी खरं सांगितलं.

"ह्यांना कळायच्या आत मोरीत ओता."

"वहिनी, यात अजून दारू नाही. नुसतं गोड पाणी आहे."

"मी सांगतेय ते करा."

"तासभर थांबा," मी म्हणालो. ते वाक्य मला अजून बोचतं.

वहिनी खाली आली नाही म्हणून दादा वर आला. कुणाला काही न विचारता त्याने झाकण उघडलं. वाफ तोंडावर आली तरी तो वाकूनच राहिला. मग सरळ झाला आणि पेटीला लाथ घातली.

सगळा कढत लगदा माझ्या पायांवर आला. मी किंचाळलो आणि हाताला लागला तो पाना फिरवला. तो त्याच्या तोंडावर बसला. दात उडालेला मला दिसला, तरी मी दुसऱ्यांदा हात उचलला. मनगटाचा हिशोब मी इतकी वर्षं मनात धरून होतो, हे मला तेव्हा कळलं. त्याने मला खाली पाडलं आणि दोन्ही अंगठे माझ्या गळ्यावर दाबले. त्याच्या तोंडातलं रक्त माझ्या डोळ्यांत पडत होतं.

वहिनीने पेटीचं झाकण उचललं आणि आम्हाला मारायला सुरुवात केली. आधी त्याच्या पाठीवर, मग माझ्या डोक्यावर, मग पुन्हा त्याच्या. "मरा दोघंही," ती म्हणत होती, अगदी हळू आवाजात. झाकण मोडलं तेव्हा थांबली. मग बादली आणून माझ्या पायांवर थंड पाणी ओतत राहिली.

दवाखान्यात मी सांगितलं, आंघोळीचं पाणी सांडलं, दादा धावत आला तो घसरून पडला. डॉक्टरांनी माझ्या गळ्यावरचे अंगठ्यांचे वळ बघितले आणि मी सांगितलं तसं लिहून घेतलं.

बाकावर दादा तोंडात कापूस धरून बसला होता. तो काढून म्हणाला, "मला ते ओंजळीने प्यावंसं वाटलं. तोंड भाजलं असतं तरी. म्हणून लाथ घातली."

"त्यात दारू नव्हती, दादा."

"मला कुठे ते माहीत करून घ्यायचं होतं?"

मी काय करतोय ते त्याच्या नाकापर्यंत जाणार, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी तरीही केलं.

पाय बरे झाल्यावर मी अंबरनाथला शिवमंदिराजवळ भाड्याने खोली घेतली. वहिनीने मला थांबा म्हटलं नाही, आणि अजूनही ती माझ्याशी बोलत नाही. दादाने मात्र पुन्हा घोट घेतलेला नाही. दिवाळीत तो चकल्यांचा डबा घेऊन आला.

"वहिनीने दिला?" मी विचारलं.

"नाही. मी उचलून आणला."

आम्ही दोघांनी तो बसून संपवला.