पडघ्याच्या पाहुण्यांच्या चपला

हसणार नसाल तर सांगतो. तसे तुम्ही हसणारच, माझी बायको तर अजून हसते, पण निदान मधेच थांबवू नका. कुत्र्यापायी माणसाची किती शोभा व्हावी, असा विषय निघाला तर अख्ख्या भिवंडीत पहिलं नाव माझं निघायला हवं.

तर आमच्या घरी कुत्रा आला. आला म्हणजे काय, अंजूरच्या माझ्या मेव्हण्याने तो आमच्या गळ्यात मारला. "दाजी, घराची राखण करील," म्हणाला. आता तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटची कसली डोंबलाची राखण? पण पिल्लू गोड होतं, माझी बहीण वैशाली हट्टाला पेटली आणि आईने लगेच त्याला वाटीत दूध घातलं. नाव ठेवलं रॉकी. पहिले काही दिवस लाडात गेले. मग त्याचे दात शिवशिवायला लागले.

अहो, काय सांगू! पहिल्यांदा माझी दुकानात जायची चप्पल गेली. मग टीव्हीचा रिमोट. मग सोफ्याचा कोपरा फाडून आतला फोम त्याने घरभर पसरला, आणि नेमके दिवे गेलेले असताना आईचा पाय त्यावर पडला. ती "कोन हाय रं, कोन हाय" करत बसली. वैशालीचे नवे सँडल गेले. माझं यंत्रमागाच्या सुट्या भागांचं दुकान आहे, तिथून आणलेले चामड्याचे पट्टेसुद्धा त्याने सोडले नाहीत. दिवसभर गिऱ्हाइकांशी डोकं लावायचं आणि घरी येऊन कुत्र्याशी. मी ओरडलो की आई म्हणायची, "मुका जनावर हाय तो. लहानपनी तू काय कमी चावलास?"

एके दिवशी शेजारचे अन्सारी चाचा दारात उभे. हातात त्यांच्या कोल्हापुरीचा फक्त अंगठा.

"भाई, ये तुम्हारे शेर का काम है."

मी मान खाली घातली. चाचा भला माणूस, भांडले नाहीत, उलट उपाय सांगितला. "मिर्ची लगा दो. एक बार जबान जली, फिर देखना."

हे मला पटलं. आपल्या घरात मसाला तो कसला, आईने उन्हाळ्यात स्वतः उभं राहून कुटून घेतलेला. बाहेरचा पाहुणा पहिल्या घासाला पाणी मागतो. पण कोरडा मसाला चपलेवर टिकणार कसा? तेलात कालवायला हवा. आणि चांगलं तेल चपलांना फुकट कशाला घालवायचं? म्हणून मी ओट्यावरच्या कढईतलं उरलेलं तेल घेतलं. त्यात सकाळी बोंबील तळले होते.

आता तुम्ही माझ्याकडे असे बघू नका. त्या वेळी मला ते सुचलं नाही. मी वाटीत झकास लाल मिश्रण केलं, दिवाळीच्या रंगकामातला उरलेला ब्रश शोधला आणि चपला, टेबलाचे पाय, सोफ्याचे कोपरे, सगळीकडे हात फिरवला.

रॉकी आला. त्याने टेबलाचा पाय हुंगला, चाटला, दोनदा शिंकला आणि पुन्हा चाटायला लागला. दात लावलाच नाही. सगळी दुपार तो डोळे मिटून ते टेबल चाटत होता.

"बघितलंस?" मी बायकोला म्हणालो. "पश्चात्ताप होतोय त्याला."

"अहो, तो चव घेतोय," बायको म्हणाली. "माझ्या भावाकडे वाढलाय तो. रोजचा त्याचा भात म्हावऱ्याच्या, बोंबलाच्या कालवणातला होता."

पण आपण कधी बायकोचं ऐकलंय? दात लावत नाही म्हणजे उपाय लागू पडला, असं मी दुकानातल्या गिऱ्हाइकांनासुद्धा सांगायला लागलो.

आणि इथे खरी गोष्ट सुरू होते. वैशालीचं जमत आलं होतं. मुलगा पडघ्याचा, हायवेला गोडाऊन, घर चांगलं. एका नातेवाईकाच्या हळदीत दोघांनी एकमेकांना पाहिलं होतं आणि मनातून दोघांचं पक्कं होतं. फक्त वडीलधाऱ्यांनी घर बघून हो म्हणायचं बाकी होतं. आमचे वडील नाहीत, त्यामुळे पुढे व्हायचं ते मीच. रविवारी पाहुणे येणार म्हटल्यावर वैशाली मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, हात जोडते. त्या दिवशी कुत्रा मधे नको आणि तुझी हुशारी पण नको."

रविवारी पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील, आजोबा, मामा, दोन आत्या. दाराबाहेर चपलांची ही रास, सगळ्या चामड्याच्या, नव्याकोऱ्या. मी रॉकीला मागच्या बाल्कनीत कोंडलं होतं, पण त्या बाल्कनीची कडी त्याने याआधीही ढुशी मारून उघडली होती. आत पोहे चाललेत, वैशाली खाली मान घालून बसलीय, आजोबा आईकडे खारबावच्या नातेवाइकांची चौकशी करतायत, आणि माझ्या डोळ्यांपुढे एकच चित्र: मुलाच्या वडिलांच्या हातात कोल्हापुरीचा अंगठा. गेलं ना स्थळ?

मी हळूच उठलो. स्वयंपाकघरातून वाटी आणि ब्रश घेतला, दाराबाहेर जाऊन उकिडवा बसलो आणि एकेक चपलेला, पट्ट्यासकट, व्यवस्थित हात मारायला लागलो.

तेवढ्यात मुलाचे मामा मोबाईलला रेंज शोधत बाहेर आले.

मी हातात त्यांचीच चप्पल घेऊन बसलेलो. ते माझ्याकडे बघतायत, मी त्यांच्याकडे. आता खरं काय सांगणार? तुमच्या चपलांना मिरची लावतोय? मुलगी द्यायची होती हो मला त्या घरात.

"तेल लावतंस?" मामांनी विचारलं.

"हो," मी म्हणालो. "जरा… तेल."

मामांनी मोबाईल खिशात घातला. मग डोळे पुसत आत वळले आणि मोठ्याने म्हणाले, "सगली जना इकरं या. बघा, पोरीचा भाऊस काय करतंय. पाव्हन्याच्या पायतानाला तेल लावतंय."

सगळे दारात. आत्या तोंडाला पदर लावून बघतायत. मुलाच्या वडिलांनी मला दंडाला धरून उठवलं. "अरे, आपल्यात पाव्हन्याचे पाय धुतान. पायतानाला तेल लावनारा मी आजवर बघितला न्हाय."

आजोबांनी चप्पल नाकापाशी नेली. "आनि तेल पन घरचाच हाय," ते समाधानाने म्हणाले. "वासावरनं कलतंय."

मी कोपरापासून हात जोडले. त्याचाही त्यांनी नम्रपणा असाच अर्थ घेतला. माझ्या पाठीमागे बायको ब्रशकडे बघून आत पळाली, आणि स्वयंपाकघरातून जो आवाज आला तो रडण्याचा होता, असं मी पाहुण्यांना सांगितलं.

"असं घर पुन्हा मिलाचा न्हाय," वडील म्हणाले. "आमचा होकार हाय."

वैशालीने माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू, मला भरून आलं. पण डोळे पुसायची सोय नव्हती, हाताला मसाला होता.

पाहुण्यांनी चपला घातल्या आणि मागची कडी वाजली. रॉकी बाणासारखा आला तो थेट आजोबांच्या पायाशी. चाटायला लागला. मग आत्यांचे पाय. मग वडिलांचे. शेपूट अशी हलतेय की अंगसुद्धा तिच्याबरोबर हलतंय.

"बघा," एक आत्या गहिवरून म्हणाली. "मुका जनावर पन पाया परतंय."

मामांच्या पायाशी आल्यावर मात्र त्या मुक्या जनावराचा संयम सुटला. त्याने पट्टा दातात धरला आणि चप्पल घेऊन जिन्याने खाली पळाला. मी मामांपुढे माझी एकुलती एक धड उरलेली चप्पल ठेवली. त्याने तर माझं नाव आणखीनच मोठं झालं.

संध्याकाळी पडघ्याहून फोन. मामाच होते.

"पाय पेटलेत सगल्यांचे," ते म्हणाले.

समोर वैशाली पांढरीफटक. म्हटलं, संपलं. आता सांगून टाकावं आणि पाय धरावेत.

"…आनि आजोबांची टाच, किती वर्सं दुखत होती, आज एकदम मोकली झाली. कनचा तेल हाय तो? बाटली पाठवून दे." मग जरा थांबून म्हणाले, "फक्त येक समजला न्हाय. जीपमधून उतरल्यापासून गावची सगली कुत्री आमचे मागं का लागली?"

मी म्हटलं, घरच्या तेलाचा गुण. दुसरं काय म्हणणार?

लग्न पडघ्याला झालं. आमच्यात कानपिळीचा मान नवरीच्या भावाचा. नवऱ्याचा कान पिळायचा आणि त्याच्या घरच्यांनी भावाला काहीतरी द्यायचं. कुणाला घड्याळ मिळतं, कुणाला अंगठी. मी नवा कुर्ता घालून, छाती काढून पुढे झालो. कान पिळला. मामांनी सोनेरी कागदातली भेट माझ्या हातात दिली आणि माईक घेऊन सगळ्या मांडवाला सांगितलं, असा भाऊ सात गावांत मिळायचा नाही.

मी कागद उघडला. आत चांदीची वाटी आणि कोराकरकरीत ब्रश.

वर बघतो तो आजोबा सगळ्यांत पुढे, एका हातात चपला आणि दुसऱ्या हातात मी पाठवलेली तेलाची बाटली घेऊन उभे. त्यांच्यामागे पडघ्याची सगळी म्हातारी मंडळी, अनवाणी, रांगेत.

मग काय केलं म्हणता? मांडवातच मांडी घातली आणि लावलं तेल. सप्तपदी बाकी होती ना अजून.